बचावकार्याच्या गेममधील ठाणे : वर्दी (घटनेची खबर) मिळाल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतचा काळ खरा कसा दाखवावा?

घोडबंदरकर

नमस्कार.

'इमर्जन्सी ४' या २००६ साली आलेल्या जर्मन गेमसाठी मी ठाण्यावर बेतलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून केलेली आवृत्ती, तयार करीत आहे. गेम जुना असला तरी त्याच्यासोबत येणारा एडिटर आणि कोणालाही उघडून बदलता येतील अशा स्क्रिप्ट (गेममधील वस्तूंनी कसे वागावे हे ठरवणाऱ्या सूचना) यांमुळे आपले शहर त्यात उभे करता येते. माझा नकाशा माजिवडा, कापूरबावडी, बाळकूम आणि कोलशेत एवढ्या भागाचा असून पूर्व द्रुतगती महामार्गाचा एक तुकडा व घोडबंदर रस्त्याची सुरुवात त्यात येते. पाण्याचा बंब, जंबो टँकर, रेस्क्यू व्हॅन, १०८ची रुग्णवाहिका आणि ११२ची पोलीस गाडी यांची मॉडेल पूर्ण झाली आहेत. रंग, परावर्तक पट्टे, दारावरील मराठी अक्षरे, बंबावरचे पंपाचे पॅनेल या सगळ्यावर मी पुष्कळ वेळ दिला असून त्या बाजूने मला आता फारसे काही उरलेले दिसत नाही.

अडचण आहे ती गाड्या पाठवण्याच्या भागात. घटना घडली की नकाशावर तिचे ठिकाण अगदी नेमके दिसते, काय घडले आहे हेही खेळणाऱ्याला आधीच कळलेले असते, बटण दाबताक्षणी गाडी स्थानकातून बाहेर पडते आणि रुग्णाला घेऊन नकाशाबाहेर गेलेली रुग्णवाहिका लगेच पुढच्या घटनेसाठी मोकळी होते. संध्याकाळच्या वेळी मानपाड्याच्या आसपास सायरन एकाच जागी बराच वेळ वाजत राहतो, हे या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. माझ्या मॉडमध्ये मात्र गाडी कापूरबावडीहून कोलशेतला विनाअडथळा जाते. गाड्या ठाण्याच्या दिसतात, पण त्यांचे वागणे ठाण्याचे नाही.

आमच्या सोसायटीतील काही मुले हा मॉड खेळून पाहतात. खेळता खेळता त्यांना १०१, १०८ किंवा ११२ला फोन केल्यावर पलीकडे काय घडते आणि आपण काय सांगायला हवे हे कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून केवळ देखावा पुरेसा नाही. आगीची वर्दी आल्यावर स्थानकात काय क्रमाने घडते, कोणती गाडी कशासाठी निघते, १०८ची गाडी कोण ठरवते आणि ती पुन्हा मोकळी केव्हा होते, तसेच हे सर्व या गेमच्या स्क्रिप्टमध्ये कितपत बसवता येईल, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_यंत्रचालक

आपण विचारलेल्या विषयात माझी सारी नोकरी गेली आहे. मी नवी मुंबईच्या बाजूला बंबावर यंत्रचालक होतो, म्हणजे गाडी चालवणे आणि घटनास्थळी पंप सांभाळणे ही दोन्ही कामे माझ्याकडे असत. ठाणे आणि नवी मुंबई यांच्या पद्धतीत बारीकसारीक फरक असले तरी मूळ क्रम सारखाच आहे.

वर्दी येते ती बहुतेक वेळा अपुरी असते, ही गोष्ट आपल्या मॉडमध्ये सर्वांत आधी यावी. फोन करणारा माणूस घाबरलेला असतो, "आग लागली, लवकर या" एवढे बोलून तो फोन ठेवू पाहतो, आणि ऑपरेटरला त्याच्याकडून चार गोष्टी काढून घ्याव्या लागतात : ठिकाण, जवळची खूण, काय जळत आहे आणि आत कोणी अडकले आहे का. इमारत असेल तर कितवा मजला, हेही विचारले जाते. फोन करणाऱ्याचा क्रमांक लिहून घेतात, कारण गाडी गल्लीत शिरल्यावर त्यालाच पुन्हा फोन करून वाट विचारायची असते. इकडे घंटा झालेली असते, जवान पोशाख चढवून गाडीत बसतात आणि साधारण मिनिटाभरात बंब दाराबाहेर पडतो. पुरा पत्ता अनेकदा गाडी रस्त्याला लागल्यावर वायरलेसवर मिळतो. म्हणून गेममध्ये गाडी निघताना ठिकाण एखाद्या मोठ्या वर्तुळाएवढे धूसर असावे आणि ती जवळ जाईल तसे ते आकुंचन पावावे, असे मला वाटते.

दुसरी बाब वर्दीच्या स्वरूपाची आहे. गेममध्ये दर थोड्या वेळाने इमारत पेटते किंवा मोठा स्फोट होतो. प्रत्यक्षात पावसाळ्यातील एखाद्या दिवशी येणाऱ्या वर्दी पाहिल्या तर त्यांत झाड पडले, फांदी गाडीवर कोसळली, मीटर बॉक्समध्ये शॉर्टसर्किट झाले, रस्त्यावर ऑइल सांडून दुचाकी घसरत आहेत, सोसायटीत साप निघाला, लिफ्टमध्ये माणूस अडकला, मांज्यात पक्षी अडकला अशाच गोष्टी मोठ्या प्रमाणावर असतात. ऑइल सांडले तर त्यावर माती टाकून रस्ता मोकळा करून द्यायचा असतो, आणि त्या कामी अग्निशमन दलाबरोबर ठाण्यात महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्षही असतो. या लहान कामांत गाड्या आणि माणसे गुंतलेली असतानाच मोठी वर्दी येते. खेळणाऱ्याला खरा निर्णय तेव्हाच घ्यावा लागेल.

मीटर बॉक्सच्या आगीचा क्रम जरा सांगतो, कारण त्यात आपल्याकडची पद्धत चांगली दिसते. तळमजल्यावर जिन्याखाली मीटर पेटलेले असतात, धूर जिन्यातून वर चढतो आणि वरच्या मजल्यांवरील लोकांना खाली यायला तोच एक मार्ग असतो. अशा ठिकाणी पाण्याचा फवारा लगेच मारता येत नाही. महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो, तोवर कोरड्या रासायनिक भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वापरले जाते, आणि दुसरी तुकडी लोकांना दारे बंद करून घरातच थांबण्यास किंवा गच्चीकडे जाण्यास सांगते. आपल्या मॉडमध्ये महावितरणची एक गाडी आणि वीज बंद झाल्याची सूचना असावी, व ती मिळण्याआधी खेळणाऱ्याने पाणी मारले तर जवान जखमी व्हावा. पाइप गॅसच्या गळतीसाठी गॅस कंपनीच्या पथकाचीही तशीच गरज आहे.

आता पाणी. मूळ गेममध्ये नकाशावर हायड्रंट, म्हणजे रस्त्यालगतचे आगीसाठीचे नळ, ठेवलेले असतात आणि युरोपातील शहरांसाठी ते योग्यही आहे, पण आपल्याकडे भिस्त गाडीच्या टाकीवर आणि मागून येणाऱ्या टँकरवर असते. बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी आहे असे धरा. एका ब्रँचमधून, म्हणजे पाइपच्या टोकाला फवारा मारण्यासाठी लावलेल्या नळीतून, मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे एक ब्रँच अकरा मिनिटे आणि दोन ब्रँच सुरू केल्या तर जेमतेम साडेपाच मिनिटे. पंपाच्या पॅनेलपाशी उभ्या असलेल्या यंत्रचालकाचे एक लक्ष दाबाच्या काट्यावर आणि दुसरे टाकीच्या पातळीवर असते. पुढे धुरात ब्रँच धरून असलेल्या जवानांचे पाणी अचानक तुटू नये म्हणून टाकी संपण्याच्या पुष्कळ आधी टँकर येऊन जोडला गेलेला असला पाहिजे. गल्लीत दुचाकी उभ्या असल्यामुळे जंबो टँकर आत येऊ शकला नाही, तर ६३ मिलिमीटरचे होज, म्हणजे पाण्याचे पाइप, एकाला एक जोडत नाक्यापर्यंत न्यावे लागतात. खेळणाऱ्याने बंबाबरोबरच टँकर न पाठवल्यास सहाव्या मिनिटाला त्याची आग पुन्हा भडकेल, एवढा एकच नियम आपण आणला तरी मॉडचे रूप बदलेल.

घोडबंदर पट्ट्यातील उंच इमारतींविषयी एक लक्षात घ्यावे. तिसाव्या मजल्यावरील आगीला खालून शिडी लावून पाणी मारता येत नाही. तेथे इमारतीची स्वतःची यंत्रणा चालू स्थितीत असणे महत्त्वाचे असते : उभी जलवाहिनी, तिला खालून बंब जोडण्याची जागा, प्रत्येक मजल्यावरील होज, आणि लोकांनी एकत्र थांबण्यासाठी ठेवलेला आश्रय मजला. यंत्रणा चालू आहे किंवा बंद आहे हे गेमने इमारतीगणिक वेगळे ठरवावे आणि खेळणाऱ्याला ते तेथे पोहोचल्यावरच कळावे.

शेवटी, आग विझली की लगेच गाडी परत येते असे दाखवू नका. आग आटोक्यात येणे वेगळे आणि पूर्ण विझणे वेगळे. त्यानंतरही कूलिंग, म्हणजे आतील धग पाण्याने थंड करण्याचे काम, चालते. गोदाम, भंगार किंवा कापसाच्या मालाची आग असेल तर ते काम तासन् तास चालते, आणि एक बंब तेथेच अडकून राहतो.

सेक्टर_सतरा

वरील माहिती मोलाची आहे, तरी खेळाच्या दृष्टीने एक शंका मांडतो. इतकी दिरंगाई आणि इतक्या लहान घटना आणल्या तर खेळणारा कंटाळून मॉड बंद करील. ज्यांना हे वास्तव हवे आहे त्यांच्यासाठी वेगळी पातळी ठेवावी आणि इतरांसाठी वेळा निम्म्या कराव्यात, असे सुचवतो.

रुग्णवाहिका_डॉक्टर

मी बीएएमएस असून काही वर्षे ठाणे जिल्ह्यात १०८च्या गाडीवर काम केले आहे, म्हणून त्या भागापुरते लिहिते.

महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्ट, म्हणजे एएलएस, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे बीएलएस प्रकारच्या. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत डॉक्टर असतो, हे या योजनेचे वैशिष्ट्य आहे आणि बहुतेक परदेशी मॉडमधील पॅरामेडिकपेक्षा ते वेगळे आहे. चालकाला आम्ही पायलट म्हणतो. एएलएसमध्ये व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर आणि हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर असतो. बीएलएसमध्ये ऑक्सिजन, सक्शन, स्ट्रेचर, स्प्लिंट आणि औषधे. देशात रुग्णवाहिकांच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे व त्यात चार प्रकार दिलेले आहेत, त्यांपैकी सी म्हणजे बीएलएस आणि डी म्हणजे एएलएस. आपण गाड्यांची आतली बाजू बनवणार असाल तर या दोन प्रकारांतला फरक तेथेच दिसायला हवा.

कॉल पुण्यातील नियंत्रण केंद्रात जातो, ठाण्यात नाही. तेथे एक जण कॉल घेतो, तक्रार व ठिकाण लिहून घेतो आणि मग जीपीएसवर जवळची मोकळी गाडी पाहून ती पाठवली जाते. पुण्यात बसलेल्या माणसाला "हायपरसिटीच्या मागे" किंवा "दोस्तीच्या गेटसमोर" म्हणजे नेमके कुठे हे ठाऊक असेलच असे नाही, त्यामुळे गाडी निघाल्यावर आम्ही स्वतः फोन करणाऱ्याशी बोलत असू. त्या बोलण्यात दोन कामे होत : पत्ता पक्का होई आणि रुग्णाची अवस्था कळे. श्वास चालू आहे का, बोलतो आहे का, घाम आला आहे का, रक्त कुठून येत आहे, हे विचारत असतानाच नातेवाइकांना काय करायचे व काय करायचे नाही तेही सांगावे लागे. अपघातातील माणसाला ओढून रिक्षात घालू नका, हे तर जवळपास दर वेळी सांगावे लागे. माझ्या मते आपल्या मॉडमध्ये हा संवादच खेळाचा भाग व्हावा. खेळणाऱ्याने योग्य प्रश्न निवडले तर योग्य प्रकारची गाडी जाईल. घाईने जवळची बीएलएस पाठवली आणि रुग्णाला व्हेंटिलेटरची गरज निघाली, तर एएलएस मागवून वाटेत दोन्ही गाड्यांची गाठ घालून द्यावी लागेल.

आपल्या मॉडच्या मुलांसाठी हे फार उपयोगाचे होईल, म्हणून सोसायटीच्या गेटपाशी काय घडते तेही सांगते. गाडी गेटवर येते तेव्हा सुरक्षारक्षकाला कोणत्या विंगमध्ये रुग्ण आहे हे माहीत नसते. तो इंटरकॉमवर विचारतो, बॅरिअर उघडतो, आत पार्किंगमधील गाड्यांमुळे वळायला जागा नसते, आणि लिफ्ट लहान असेल तर स्ट्रेचर आडवे जात नाही, मग रुग्णाला खुर्चीवर बसवून किंवा चादरीच्या झोळीतून जिन्याने आणावे लागते. रस्त्यावर वाचवलेली मिनिटे येथे जातात. फोन केल्यावर घरातील एका माणसाने खाली गेटवर येऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने लिफ्ट अडवून ठेवावी, एवढे केले तरी पुष्कळ वेळ वाचतो. खेळणाऱ्याने फोनवर ही सूचना दिली असेल तर जिन्याचा वेळ कमी करावा, असा नियम सहज करता येईल.

गाडी मोकळी केव्हा होते, हा आपला प्रश्न अगदी योग्य आहे. रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्णाची माहिती देऊन त्याला तेथील डॉक्टरांच्या ताब्यात द्यावे लागते, खाट मिळेपर्यंत आमच्याच स्ट्रेचरवर रुग्ण राहिला तर स्ट्रेचर परत मिळेपर्यंत गाडी हलू शकत नाही, त्यानंतर गाडी आतून पुसून घ्यावी लागते, ऑक्सिजनचा साठा पाहावा लागतो, नोंदी पूर्ण कराव्या लागतात. एका रुग्णालयातून दुसऱ्या, अधिक मोठ्या रुग्णालयात रुग्ण हलवण्याचे कामही याच गाड्या करतात. कळव्याहून किंवा ठाण्याहून शीव, परळ या बाजूला रुग्ण न्यायचा झाला तर ती गाडी आपल्या नकाशातून तासाभराहून अधिक काळ नाहीशी होईल, आणि तेवढ्या वेळात माजिवड्याला अपघात झाला तर पुढची गाडी भिवंडीच्या किंवा मुलुंडच्या बाजूने यावी लागेल. याखेरीज खासगी रुग्णवाहिकाही आपल्या भागात पुष्कळ आहेत. मॉडमध्ये त्यांना नियंत्रण कक्षाच्या हाताबाहेर ठेवावे, म्हणजे काही रुग्णांना आपली गाडी पोहोचण्याआधीच नातेवाईक घेऊन गेलेले असतील.

खारघर_स्क्रिप्ट

या गेमच्या स्क्रिप्टवर मी बराच काळ काम करतो आहे, म्हणून वरील सूचनांपैकी कोणत्या कशा बसवता येतील ते सांगतो.

गाडी निघण्यातील दिरंगाई सर्वांत सोपी आहे. प्रत्येक आज्ञेच्या स्क्रिप्टमध्ये क्रियांची रांग असते व तिच्यात 'पुशॲक्शनवेट' ही थांबण्याची क्रिया सेकंदांत देता येते. घंटेचा आवाज, मग थांबा, मग दार उघडणे, मग दिवे व सायरन आणि शेवटी गाडीला हलण्याची आज्ञा, अशी रांग लावा. थांब्याचा काळ ठरावीक न ठेवता दोन मर्यादांमध्ये यादृच्छिक ठेवावा. वर सेक्टर_सतरा यांनी कंटाळ्याविषयी लिहिले आहे ते रास्त आहे, पण वेळा निम्म्या करण्यापेक्षा त्या वेळात खेळणाऱ्याच्या हाताला काम द्यावे असे मला वाटते, आणि डॉक्टरांनी सांगितलेला फोनवरील संवाद हे तसे काम आहे. एकाच वेळी दोन-तीन लहान वर्दी चालू असतील तर रिकामे बसायला वेळच मिळणार नाही.

घटना किती वेळाने आणि कोणत्या प्रमाणात घडाव्यात हे सलग खेळाच्या 'एफपी_पॅराम्स_एंडलेस' या फाइलमध्ये ठरते. तेथे मोठ्या आगींची शक्यता खूप कमी करा आणि किरकोळ घटनांची वाढवा. झाड पडणे, ऑइल सांडणे या घटना मूळ गेममध्ये तयार मिळणार नाहीत, त्या स्वतंत्र स्क्रिप्टने घडवाव्या लागतील. पण झाडाची वस्तू रस्त्यावर ठेवणे, त्या मार्गिका अडवणे आणि करवतीचे काम पूर्ण झाल्यावर ती वस्तू काढून टाकणे एवढेच त्यात आहे.

धूसर ठिकाणासाठी खऱ्या घटनेची सूचना दडवून ठेवा, तिच्या जागी थोड्या अंतरावर दुसरी खूण उभी करा, आणि पहिली गाडी जवळ आली की खूण हलवा. पाण्यासाठी प्रत्येक बंबाला एक आकडा जोडून ठेवावा लागेल. होज जोडलेला असेल तितका वेळ तो कमी होत जाईल, टँकर शेजारी उभा राहिला की पुन्हा वाढेल, आणि शून्य झाला की पाणी मारण्याची आज्ञाच उपलब्ध होणार नाही. आज्ञा उपलब्ध आहे की नाही हे 'चेकपॉसिबल' या भागात तपासले जाते, तेथे ही अट घाला. खूप गाड्यांवर एकाच वेळी असे आकडे चालवले तर जुन्या इंजिनावर ताण येतो, म्हणून दर सेकंदाला मोजण्याऐवजी पाच-पाच सेकंदांनी मोजावे.

वाहतूक हा सर्वांत अवघड भाग आहे. डावीकडून चालणारी वाहतूक आपण एडिटरमध्ये मार्गिकांच्या दिशा आखून केलीच असेल. पण आपल्याकडे सायरन ऐकून सर्व गाड्या शिस्तीत एका बाजूला होतात असे नाही. जागा असेल तितकेच सरकता येते, आणि मोकळ्या झालेल्या फटीत दुचाकी शिरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई नुसार आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तरी कापूरबावडीच्या उड्डाणपुलाखाली संध्याकाळी पुढे-मागे ट्रक अडकलेले असताना वाट द्यायला चालकाकडे जागाच नसते. म्हणून वेळेनुसार वाहनांची दाटी बदला. अवजड वाहनांना बंदीचे तास असतात, त्या वेळी मार्गिकेवर ट्रक येऊ देऊ नका आणि बंदी उठली की एकदम सोडा. महामार्गावर जो लोंढा दिसतो तो याच कारणाने. मेट्रो ४चे खांब नकाशात घेतले असतील तर वळण्यासाठीचे कट किती दूर आहेत तेही पाहा, कारण पलीकडच्या बाजूचा अपघात डोळ्यांना दिसत असूनही गाडीला पुढचा कट गाठून यावे लागते. वाहतूक पोलिसाची एक गाडी चौकात पाठवली की त्या चौकातील दाटी थोड्या वेळाने सुटेल, असा नियम खेळणाऱ्याला उपयोगाचे साधन देईल.

दिव्यांविषयी थोडक्यात. २०१७ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या गाड्यांवरील लाल दिवे गेले, आणि आपत्कालीन व आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावरील गाड्यांसाठी लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा ठरला. आपण जुन्या छायाचित्रांवरून गाडी केली असेल तर वरचा दिव्यांचा पट्टा तेवढा तपासून घ्यावा.

११२चा क्रमही १०८पेक्षा वेगळा ठेवावा. राज्याचे मुख्य संपर्क केंद्र आमच्या नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात आहे. तेथे कॉल घेतला जातो, घटना संबंधित आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, आणि तेथून गाडीतील पडद्यावर पाठवली जाते. म्हणजे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ. मोठ्या अपघातात एकच घटना १०१, १०८ आणि ११२ अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या खुणा सांगून कळवलेली असते. ती एकच घटना आहे हे खेळणाऱ्याला ओळखता आले नाही तर त्याच्या गाड्या दोन ठिकाणी विभागल्या जातील.

घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढे सविस्तर आणि आपलेपणाने लिहिलेले उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. पाण्याचा आकडा आणि फोनवरील संवाद ही दोन कामे मी आधी हाती घेत आहे. संवादातील वाक्ये डॉक्टरांना पाठवून तपासून घेता आली तर फार बरे होईल.

आणखी दोन गोष्टी विचारतो. नकाशा पुढे कळव्यावरून विटावा, दिघा, ऐरोलीपर्यंत वाढवण्याचा विचार आहे. तेथे ठाण्याची हद्द संपून नवी मुंबईची सुरू होते, आणि औद्योगिक पट्टाही लागतो. हद्दीवरील घटनेला कोणाची गाडी जाते? दुसरे म्हणजे, इमारत कोसळण्याची एक मोहीम करायची आहे. त्यासाठी शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी झालेली दुर्घटना आधार म्हणून घ्यावी का?

निवृत्त_यंत्रचालक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. त्या दुर्घटनेत ७४ माणसे गेली आणि त्यांची कुटुंबे आजही याच परिसरात राहत असतील. तिचे नाव, ठिकाण किंवा त्या इमारतीसारखा आराखडा घेऊ नका. काल्पनिक इमारत घ्या आणि कामाची पद्धत मात्र खरी दाखवा. ढिगाऱ्यावर पोकलेन लगेच चालवत नाहीत. आधी वीज व गॅस बंद करून घेतात, शेजारची इमारत धोक्यात आहे का ते पाहतात, रहिवाशांकडून आत किती माणसे असावीत याची यादी करतात आणि वरचे सुटे तुकडे हातांनी काढतात. मधून मधून सर्व यंत्रे थांबवून आतून आवाज येतो का हे ऐकले जाते, व आवाजाची जागा पक्की झाल्यावरच स्लॅब कापण्याचे काम सुरू होते. स्थानिक पथकात ठाणे आपत्ती प्रतिसाद दल घ्यावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे, त्यामुळे तेथील तुकडी मागवली तर तिला पोहोचण्यास लागणारा वेळ मोहिमेत प्रामाणिकपणे धरावा.

आता हद्दीविषयी. ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची दले वेगळी, औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन केंद्रे वेगळी, आणि आणखी दक्षिणेला सिडकोची वेगळी. वर्दी ज्याच्याकडे आली त्याने हद्दीचा वाद घालत बसायचे नसते. जवळचा बंब निघतो आणि त्याच वेळी दुसऱ्या दलाला कळवले जाते. रासायनिक कारखान्याच्या आगीत तर या सर्व दलांचे बंब आणि आसपासच्या कारखान्यांची स्वतःची यंत्रणाही मदतीला येते. अशा वेळी सर्वांच्या वायरलेसचा चॅनेल एक नसतो, म्हणून पहिल्यांदा पोहोचलेल्या अधिकाऱ्याभोवती बाकीचे अधिकारी प्रत्यक्ष एकत्र येऊन कामाची वाटणी ठरवतात. मॉडमध्ये दुसऱ्या दलाच्या गाड्या खेळणाऱ्याच्या थेट हुकमात न ठेवता, त्याने मदत मागितल्यावर त्या आपल्या वेळेने याव्यात आणि अधिकारी एकत्र उभे राहिल्यावरच त्यांना काम देता यावे.

औद्योगिक पट्ट्यात बंब वाऱ्याच्या दिशेचा विचार करून उभा करावा लागतो, तेवढे जरूर घ्या. टँकरच्या मागे व बाजूंना लावलेल्या फलकावर चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो : १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. खेळणाऱ्याने तो क्रमांक दुरून वाचून मगच पुढे जावे. एलपीजीचा टँकर उलटला असेल तर ठरावीक परिघात कोणतेही इंजिन चालू नसावे, त्यात आपली रुग्णवाहिकाही आली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचते हे लक्षात ठेवून त्या दिवसांसाठी ऐरोलीकडून येणाऱ्या गाड्यांचा मार्ग आधीच वेगळा आखून ठेवा.

खारघर_स्क्रिप्ट

वाऱ्याची दिशा मूळ गेममध्ये खेळाला उपयोगी पडेल अशा रूपात मिळत नाही, पण मोहीम सुरू होताना एक दिशा यादृच्छिक ठरवून धुराचा झोत त्या बाजूला कललेला दाखवता येईल, आणि त्या बाजूच्या ठरावीक परिघात शिरलेल्या प्रत्येक व्यक्तीची प्रकृती ढासळत जाईल अशी स्क्रिप्ट लिहिता येईल. श्वसन उपकरण घातलेल्या जवानांना त्यातून वगळावे. क्रमांकाचा फलक वेगळ्या टेक्स्चरवर (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावर) ठेवा, म्हणजे एकाच टँकरच्या मॉडेलला चारही फलक लावता येतील. परिघाची स्क्रिप्ट मी लिहून देतो; आपण ऐरोलीच्या बाजूच्या मार्गिका आखून झाल्यावर नकाशाची फाइल पाठवावी.